आईंच्या प्रार्थनेत मी नव्हते

देव कोणालाही उगाच कुठे ठेवत नाही. ज्याला जिथे ठेवतो तिथे त्याच्यासाठी काही काम नेमलेलं असतं. हे मला माझ्या थोरल्या जावेने सांगितलं. सांगताना तिच्या एका हातात बॅग होती, दुसऱ्या हाताला मुलगी होती, आणि ती नंदुरबारची गाडी पकडायला निघाली होती. काम नेमलेलं होतं ते मला.

ते चौऱ्याण्णव साल. गणपती बुडाले आणि दोन-तीन दिवसांत सुरतेत प्लेग आल्याची बातमी पसरली. डिंडोलीतली आमची गल्ली बहुतेक खानदेशातून लूमवर कामाला आलेल्यांची. या लोकांना गावी जायला निमित्त लागतंच, आणि याहून मोठं निमित्त आजवर मिळालं नव्हतं. बघता बघता गल्ली रिकामी झाली. दिवसरात्र खडखडणारे लूम थांबले, आणि आम्हाला पहिल्यांदाच कळलं की शेजारच्या घरात भिंतीवरचं घड्याळ आहे. मागे राहिलेले लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत. त्यामुळे कोण कोण राहिलं आहे हेही नीट कळत नसे.

आमच्या रो-हाउसच्या दोन खोल्यांत मोठे दीर, जाऊ, त्यांची दोन मुलं, मी, माझे यजमान आणि सासूबाई असे सगळे राहत होतो. सासूबाईंना आम्ही आई म्हणायचो. आई पावसाळ्यात मोरीत पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी पायाला पट्टा बांधून दिला, पट्ट्याला दोरी लावली, ती खाटेच्या पायथ्यावरून खाली सोडली आणि दोरीच्या टोकाला पिशवीत विटा घालून ती लटकवली. हाड जुळेपर्यंत ही पिशवी काढायची नाही, असं बजावलं होतं. विटा बांधलेल्या माणसाला गर्दीच्या गाडीत खिडकीतून आत घेता येत नाही. म्हणजे कोणीतरी मागे राहणं भाग होतं.

मोठ्या दिरांना मुलं होती. आम्हाला अजून मूल नव्हतं. यजमान एका प्रोसेसिंग मिलमध्ये बॉयलरवर होते; बाकीचे पळाल्यामुळे मालकाने त्यांना मिलमध्येच राखणीला ठेवलं होतं, आणि ते दुपारी सायकलवरून तासभर घरी येऊन जात. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकवत होते आणि शाळा बंद होती. सगळं असं मांडून पाहिलं तर देवाला फार विचार करावा लागला नसणार.

"मास्तरीणबाई, तुला तर वाचायचा नाद आहे," जाऊ उंबऱ्यात म्हणाली. "तुझा वेळ बरा जाईल."

मी म्हणाले, "ताई, गाडी चुकेल."

चुकली नाही.

आता आईंविषयी सांगायला हवं. आई तरुणपणी विधवा झाल्या आणि पुढे हयातभर त्यांनी मिशनमध्ये बायबलबाई म्हणून काम केलं. आजच्या वाचकाला हा शब्द ओळखीचा असेलच असं नाही. गावोगाव पायी जायचं, बायकांत बसायचं, शास्त्रातलं वाचून दाखवायचं, गीत म्हणायचं, कोणाचं मूल आजारी असलं तर त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि पुढच्या गावाला लागायचं. ही नोकरी होती आणि तिला पगारही होता, जरी तो पगार आहे हे सांगावं लागे. नंदुरबारच्या आसपासची गावं त्यांच्या पायाखालची. म्हणून प्रार्थना हा आईंच्या बाबतीत नुसता भक्तीचा भाग नव्हता, ते त्यांच्या हातातलं कसब होतं. एखाद्या सुताराने रंधा चालवावा तशी त्या प्रार्थना करत. घरात आई अहिराणी बोलत, प्रार्थना मात्र मिशनने शिकवलेल्या शुद्ध मराठीत. त्यात "तुझ्या समर्थ हस्ताखाली" वगैरे येई. आमचे पाळकसाहेबसुद्धा त्यांच्यानंतर प्रार्थना करायला बिचकत.

मी नगरकडची. मला अहिराणी कळायची, बोलता यायची नाही. जाऊ धुळ्याकडची; ती आणि आई एकमेकींशी बोलू लागल्या की मी आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखी दोघींची तोंडं बघत बसायचे. हेव्याची सुरुवात इथून झाली म्हणायला हरकत नाही, पण तो खरा वाढला त्या रिकाम्या गल्लीत.

संध्याकाळी दिवे लागले की आई हात जोडत आणि मोठ्याने प्रार्थना करत. मी खाटेशेजारी बसून असायचे. त्याआधी दिवसभरात मी आईंना पुसून काढलेलं असे, लघवी-संडासाचं भांडं देऊन ते धुऊन आणलेलं असे, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर लावलेली असे, खिचडी भरवलेली असे. प्रार्थनेत आधी मोठीचं, म्हणजे जावेचं, नाव येई. मग तिच्या मुलांचं, मग मोठ्या दिरांचं. मग माझ्या यजमानांचं, बॉयलरसकट. नाशिकच्या नणंदेचं. गल्लीतून निघून गेलेल्या एकेका कुटुंबाचं, त्यात हिंदू, बौद्ध सगळे. एकदा तर आमच्या दूधवाल्याच्या म्हशीचंही आलं. तो तिला सोडून गावी पळाला होता. मग आमेन.

मी नव्हते.

पहिल्या दिवशी मला वाटलं विसरल्या असतील. म्हातारं माणूस. मग लक्षात आलं की म्हशी लक्षात ठेवणारं माणूस असं विसरत नाही. त्यानंतर मी रोज संध्याकाळी डोळे मिटून, मान खाली घालून, परीक्षेचा निकाल ऐकावा तशी ती प्रार्थना ऐकू लागले. आता येईल, नाशिकनंतर येईल, निदान शेवटी "आणि जे कोणी राहिले असतील त्यांनाही" असं तरी येईल. ते आलं, पण ते शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनसाठी होतं.

मला हेवा वाटत होता तो मोठीचा, हे उघड होतं. ती नंदुरबारला भावाच्या घरी सावलीत बसली होती आणि रोज संध्याकाळी देवासमोर तिचं नाव पहिलं येत होतं. आई दिवसातून कितीदा तरी मला विचारायच्या, "मोठी पोची गई व्हई ना वं?" ती पोचली असेल ना. एवढ्या दिवसांत ती पायी चालत गेली असती तरी पोचली असती, हे मी बोलून दाखवत नसे. "पोचल्या असतील," म्हणायचे आणि भांडं उचलायचे.

मी त्या काळात देवाच्या हेतूविषयी पुष्कळ विचार केला. वेळ होता. आमच्या लोकांत संकटाला हेतू असतो अशी पक्की समजूत आहे, आणि मीही ती मानते. फक्त माझ्या असं पाहण्यात आलं होतं की काही लोकांच्या संकटाचा हेतू आठवड्याभरात कळतो आणि तो त्यांना सभेत उभं राहून सांगताही येतो, तर काहींच्या वाट्याला नुसतंच संकट येतं. मी दुसऱ्या गटात होते. माझं संकटही धड संकट नव्हतं. आम्हाला ताप आला नाही, खोकला आला नाही, कोणी दार ठोठावलं नाही. देवाने मला या जागी ठेवलं होतं ते मुख्यतः भांडं धुण्यासाठी, असं माझं प्रामाणिक मत झालं. ते काम मी मन लावून केलं, पण त्यावर कोणी गीत रचेल असं वाटत नव्हतं.

एक दिवस मी आईंना विचारलं, गावोगावच्या बायका तुम्हाला विचारत असतील ना, देवाने माझ्याबरोबरच असं का केलं, तेव्हा तुम्ही काय सांगत होता. मला वाटलं, आता काहीतरी मिळेल. आई म्हणाल्या, ज्या गावात जेवण मिळायचं तिथे सविस्तर सांगायचे, नाही मिळालं तर थोडक्यात. मग त्यांनी मला आदल्या दिवशीच्या गोष्टीचं पुढचं प्रकरण वाचायला सांगितलं. मी वाचनालयातून आणलेली एक रहस्यकथा त्यांना वाचून दाखवत होते. शास्त्र त्यांना पाठ होतं, त्यामुळे ते नको म्हणाल्या. शेवट माहीत असतो. खून डॉक्टरने केला असणार असं आईंचं ठाम मत होतं, कारण तो फार प्रेमाने बोलतो. मला पुस्तकाचा शेवट माहीत होता आणि डॉक्टरनेच केला होता, म्हणून मी त्या दिवशी वाचता वाचता दोन पानं गाळली. तेवढाच सूड.

मग तो कॅप्सूलचा दिवस आला. प्लेगवर चालणाऱ्या कॅप्सूल घ्याव्यात असं सरकार सांगत होतं आणि दुकानात त्या मिळत नव्हत्या. यजमान दुपारी येऊन सांगून गेले की उधन्यात एका दुकानात माल आला आहे. मी आईंना पाणी हाताशी ठेवून निघाले. दोन तासांत येते म्हणाले. उधन्याला पोचेपर्यंत दुकानासमोरची रांग रस्ता ओलांडून गेली होती. पुष्कळ वेळ उभी राहिल्यावर शटर खाली आलं. कोणीतरी म्हणालं पुढच्या चौकात मिळतायत. तिथे गेले. तिथून आणखी पुढे. माझ्या चपलेचा पट्टा आधीच तुटलेला होता आणि मी त्याला सेफ्टी पिन लावून चालत होते. ती पिनही वाटेत निघाली. एका पत्र्याच्या दुकानात शेवटी एक पाकीट मिळालं तेव्हा उन्हं कलली होती, आणि रिक्षा एकही नव्हती. एक पाय घासत घरी यायला दिवे लागले.

ओट्यावर चढले आणि आतून आईंचा आवाज आला. प्रार्थना चालू होती. मी कडीला हात लावला आणि थांबले, कारण त्या माझ्याविषयी बोलत होत्या.

सुरुवात शुद्ध मराठीत झाली असावी, कारण मी पोचले तेव्हा "तुझी दासी, माझी धाकटी सून" असं चाललं होतं. तिला सुखरूप घरी आण. तिला वाटेत कुत्रं आडवं येऊ देऊ नकोस, ती कुत्र्यांना भिते आणि भीत नाही असं दाखवते. तिने दुपारी काही खाल्लं नाही, तिला वाटतं मला कळत नाही. ती तोंडाने फटकळ आहे. दुकानदाराशी भांडू देऊ नकोस, भांडली तर निदान औषध घेतल्यावर भांडू दे. इथपर्यंत मिशनचं व्याकरण टिकलं. मग ते सुटलं. "तिनी चप्पल तुटेल शे, बापा," आई म्हणाल्या, आणि पुढे अहिराणीच. चप्पल तुटली आहे, कोणाला सांगत नाही, नवऱ्याला सांगत नाही, पिन लावून चालते, तू बघतोस ना.

मी आत जायला हवं होतं. म्हातारी एकटी होती, अंधार झाला होता, आतला दिवासुद्धा लावलेला नव्हता. पण मी गेले तर हे थांबणार होतं. इतक्या दिवसांनी माझा नंबर लागला होता आणि मला तो पुरता ऐकायचा होता. मोठीला तीन वाक्यं मिळत. माझ्यावर आई केव्हाच्या बोलत होत्या. मी तुटकी चप्पल हातात घेऊन ओट्यावर उभी राहिले आणि ऐकत राहिले.

शेवटी चप्पल हातातून निसटून फरशीवर पडली.

आतला आवाज मधेच थांबला. "उनी का वं?"

"आले, आई."

"आमेन," आई म्हणाल्या, आणि भांडं मागितलं.

मी दिवा लावला, भांडं दिलं, कॅप्सूल दिली, खिचडी टाकली. मग आईंनी रोजची प्रार्थना केली, कारण मघाची रोजची नव्हती. मोठी, मुलं, दीर, बॉयलर, नाशिक, म्हैस. मी पुन्हा नव्हते. या वेळी मात्र मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं की आई, तुम्ही सगळ्यांचं नाव घेता, माझं का घेत नाही.

आईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विटांच्या पिशवीत काय आहे असं विचारलं होतं.

"तू ते आठेच शेस ना," त्या म्हणाल्या. "तुन्हं देवले काय सांगानं?"

तू तर इथेच आहेस. तुझं देवाला काय सांगायचं.

बायबलबाईच्या कामातली ही साधी रीत होती, ते पुढे हळूहळू त्यांच्या बोलण्यातून कळलं. समोर बसलेल्या बाईसाठी जे करायचं ते हाताने करायचं, केस विंचरायचे, पोर धरायचं, पाणी द्यायचं. तिथून उठून पुढच्या गावाच्या वाटेला लागलं की मग तिच्यासाठी प्रार्थना, कारण आता हात पोचत नाही. प्रार्थना म्हणजे हात न पोचण्यावरचा उपाय होता. मी एवढी पुस्तकं वाचलेली बाई, आणि माझा रोज संध्याकाळचा हेवा या गोष्टीमुळे होता की मी आईंच्या हाताच्या टप्प्यात होते.

हे कळल्यावर हेवा गेला असं लिहायला बरं वाटलं असतं. कमी झाला. पण त्या ओट्यावर जे ऐकलं होतं ते पुन्हा ऐकावंसं वाटायचं, आणि पुढच्या आठवड्यात मी दोन वेळा विनाकारण मीठ आणायला गेले.

मग प्लेग ओसरला. गाड्या भरून लोक परत आले, लूम सुरू झाले, शेजारचं घड्याळ ऐकू येईनासं झालं. आईंच्या पायाची पिशवी निघाली, तरी खाट सुटली नाही. जाऊ परतली ती हेतू घेऊनच. आमच्या मराठी मंडळीची उपासना उधन्यात गुजराती मंडळीच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दुपारी होई, त्यांची सकाळची आटोपून बाकं तापली की आमची. तिथे उपकारस्तुतीच्या रविवारी जावेने साक्ष दिली, म्हणजे देवाचा आलेला अनुभव उभं राहून सांगितला. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, मुलगी रडत होती, आणि एका अनोळखी माणसाने उठून जागा दिली. देवाने तिला एवढ्यासाठीच त्या गाडीत बसवलं होतं की तिचा विश्वास बळकट व्हावा. बायका रडल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. पुढे ती साक्ष आणखी दोन-तीन घरसभांत झाली, आणि नाताळपर्यंत त्या अनोळखी माणसाचे कपडे पांढरे झाले होते. तो उतरून कुठे गेला हेही आता कोणी पाहिलेलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी मलाही बोलायला सांगितलं. मी उभी राहिले. आम्ही इथेच होतो, काही झालं नाही, देवाचे आभार, असं म्हणून बसले. सगळे थोडा वेळ आणखी काही येईल म्हणून थांबले. मग गीत सुरू झालं.

दुसऱ्या वर्षी यजमानांना भेस्तानच्या एका मिलमध्ये काम मिळालं आणि मिलजवळच खोली मिळाली. आम्ही वेगळे झालो. भांडण झालं नव्हतं, जागाच पुरत नव्हती. मला वाटायचं, सुटले. दर रविवारी उपासना झाली की आम्ही डिंडोलीला आईंना भेटायला जात असू, आणि संध्याकाळी परत.

अशाच एका रविवारी मोरीपाशी भांडी घासताना जाऊ मला म्हणाली, "एक विचारू? राग नको धरू. तू आईंवर काय जादू केलीस गं?"

मी म्हणाले, "का हो, ताई?"

"रोज संध्याकाळी तुझंच नाव. आधी तुझं, मग सगळ्या दुनियेचं. आणि मी दिवसभर त्यांचं करते, हागणं-मुतणं काढते, मी नावालासुद्धा नाही. नंदुरबारला होते तेव्हा म्हणे रोज माझं नाव घ्यायच्या. तूच सांगितलं होतंस."

तिने हातातलं पातेलं जोरात आपटलं. मला तिचा चेहरा चांगला ओळखीचा होता. मी तो वर्षभरापूर्वी रोज संध्याकाळी आरशाशिवाय पाहिला होता. तिला दोन वाक्यांत सगळं सांगता आलं असतं. मी पातेलं विसळायला घेतलं. आतल्या खोलीतून आईंनी तिला हाक मारली, अहिराणीत, लाडात नाही, रागात नाही, अशीच, जशी हाताशी असलेल्या माणसाला मारतात. ती हात पुसत उठून गेली. मला त्या हाकेचा जो हेवा वाटला तसा तिच्या गाडीचा, तिच्या साक्षीचा, तिच्या मुलांचाही कधी वाटला नव्हता. माझं नाव आता रोज देवासमोर पहिलं जात होतं आणि मी ते ऐकायला तिथे नव्हते.

ती परत आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणतात माझ्याविषयी? प्रार्थनेत?"

"काय म्हणणार?" जाऊ म्हणाली. "धाकटीला रविवारी रेल्वेचं फाटक उघडं मिळू दे, म्हणतात. म्हणजे लवकर येईल. हे रोज, बरं का. सोमवारपासून."

मग मी तिला सांगितलं. ओटा, चप्पल, आईंचं उत्तर, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि पातेलं माझ्या हातातून काढून पुन्हा घासलं, कारण तिच्या मते ते नीट निघालं नव्हतं.

देव माणसाला जिथे ठेवतो तिथे काही हेतूने ठेवतो, हे मी अजूनही मानते. आम्ही भेस्तानला पुष्कळ वर्षं राहिलो, आणि आई होत्या तोवर एकही रविवार चुकवला नाही. वाटेतलं ते रेल्वेचं फाटक बहुतेक वेळा बंदच असायचं.